दीडपट

निहारचा निरोप आला तेव्हा वसंत टिपणीस बडोद्यातल्या लालबाग पुलाच्या अलीकडच्या सिग्नलला उभा होता. स्कूटरच्या हुकाला मऊ भाताचा डबा लटकत होता आणि शर्टाच्या खिशात फोन होता. तो आधी दोनदा वाजून थांबला होता, पण चालत्या स्कूटरवर फोन घ्यायचा नाही हा वसंतचा नेम. थांबल्यावर त्याने निरोपावर बोट टेकवलं आणि फोन कानाशी धरला. "बाबा, आई गेली. आत्ताच. मी इथेच आहे तिच्याजवळ. तुम्ही सावकाश या, घाई करू नका." निहारने हे सगळं एका दमात भरभर सांगून टाकलं. येताना दूध आणा, कोथिंबीर आणा, असं सांगावं तसं. सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दाबला, "चालो ने काका, ऊंघी गया के?" झोपलात का, असं. आणि वसंत निघाला. पूल चढताना त्याला आधी मुलाचा राग आला. आईची बातमी अशी सांगतात? मध्ये जरा थांबायला काय झालं होतं याला? पुलाच्या माथ्यावर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपल्या फोनवर निरोपांचा वेग दीडपटीवर लावलेला आहे. तो कायमच दीडपटीवर असतो. निहार थांबला असेल. ते थांबणं फोनने खाऊन टाकलं. आणि हे लक्षात आल्यावर मग बातमी पोचली, म्हणजे अंगात पोचली, आणि उतारावर त्याचा ब्रेक जरा जास्तच दाबला गेला. डबा हँडलच्या दांड्यावर आपटला.

हॉस्पिटलच्या दारात निहार उभा होता. "निरोप ऐकलात ना, बाबा?" त्याचा आवाज जाड आणि सावकाश होता. वसंत म्हणाला, "ऐकला." एवढंच.

दीडपटीची सवय बायकोच्या, चारुलतेच्याच डोळ्यांदेखत लागली होती. वसंतच्या वाद्यवृंदात पंधरावीस माणसं. प्रत्येकाचे बोलके निरोप. कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाला करजणहून यायला गाडी नाही, कुणाचं व्हायोलिन उन्हात राहून चीर गेलेलं. माणसं बोलताना फार वेळ घेतात, असं वसंतचं मत. म्हणून त्याने फोनवरचा दीडपटीचा आकडा दाबला आणि पुन्हा कधी खाली आणला नाही. चारुलता हसायची. "अहो, जगात तुम्हीच एक असाल. गत वाजवायची ती शंभर वर्षांपूर्वीच्या चालीने, आणि बायकोचं बोलणं दीडपटीने." तो म्हणायचा, "बोलण्यात सूर बदलत नाही. फोन सूर बरोब्बर ठेवतो. मग बिघडलं काय?" हे खरंच होतं. फोन सूर ठेवतो. पुढे कितीतरी दिवस त्याला हेच वाक्य आठवत राहिलं.

वसंतचं सगळं आयुष्य एका तबकडीवर उभं होतं, असं म्हटलं तर ते खोटं नाही. रेल्वेच्या प्रतापनगर वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन म्हणून लागला, क्वार्टर्समधल्या इन्स्टिट्यूटच्या ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी बसवायला लागला, आणि तिथेच एका रिटायर झालेल्या फिटरच्या घरून ती तबकडी त्याच्या हाती आली. बडोदे सरकारच्या दरबारी वाद्यवृंदाची सलामीची गत, नुसत्या वाद्यांवर वाजवायची बंदिश. दिलरुबे, व्हायोलिनं, जलतरंग, पखवाज. शेवटी, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, वृंदाचा मुख्य स्वतःचं नाव सांगतो: "दत्तात्रेय हरी, बडोदे सरकार." वसंतने ती ऐकली आणि त्याला दुसरं काही करावंसं वाटेना. ही गत पुन्हा तशीच वाजली पाहिजे. तशीच म्हणजे तशीच. खुर्च्या नाहीत, गाद्या. व्हायोलिनला आतड्याच्या तातीच्या तारा, स्टीलच्या नाहीत. माइक नाही. मुख्याच्या हातात काठी नाही, लाकडी टिपरी. दरबारी वृंदाच्या जुन्या फोटोत तशी दिसते म्हणून. माइकवरून तो संयोजकांशी भांडला, बिदागीवर पाणी सोडलं, एकदा नाशिकला मंडप सोडून निघून आला. आणि सूर पेटीची काळी दोन, कारण तबकडीत काळी दोन येते. दिलरुब्याच्या तारा काळी दोनला चढवल्या की करकरायला लागतात, तुटतातही, पण चढवायच्या. चाल अशी तेज की ऐकणारा सावरून बसे. पुण्यात, मुंबईत, नंतर दोनदा हॉलंडला लोक म्हणाले, काय हा जोम, काय हा राजेशाही झपाटा! पुण्यातल्या एका जाणत्या माणसाने लिहिलं होतं, त्या काळच्या तबकड्या सगळ्या एका वेगाने भरलेल्या नसत, टिपणीसांनी एकदा तपासावं. वसंतने त्याला असं उत्तर दिलं की तो गृहस्थ पुन्हा बोलला नाही.

चारुलता या वृंदात पहिल्या दिवसापासून दिलरुबा वाजवत होती. आणि पहिल्या दिवसापासून मागे पडत होती. सगळीकडे नाही. गतीच्या तिसऱ्या आवर्तनात एक वळण आहे, वरून खाली येताना. तिथे तिचा गज एक क्षण थांबायचा आणि मग खाली यायचा. तेवढ्यात बाकीचे पुढे गेलेले असत. "चारू, मागे!" वसंत टिपरी आपटायचा. सगळ्यांसमोर. ती मान हलवायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिथेच. जलतरंगवाला पीयूषभाई सोनी मोठा थट्टेखोर. त्याने त्या वळणाचं नावच पाडलं, भाभीचं स्टेशन. "चलो, स्टेशन आलं, भाभी उतरणार." चारुलताही हसायची. घरी येताना स्कूटरवर मागे बसून म्हणायची, "तिथे श्वास घ्यावासा वाटतो हो. वाजवणाऱ्यालाच नाही, गतीलाच." तो म्हणायचा, "तबकडीत नाहीये तो." ती म्हणायची, "तबकडीत तो मुलगा आपलं नाव सांगतो ना, तेही मला पटत नाही. आपलं नाव सांगताना माणूस एवढी घाई करत नाही." तिला तो दत्तात्रेय हरी मुलगाच वाटायचा. सगळ्यांनाच वाटायचा. बारीक, टोकदार आवाज. मिसरूड न फुटलेला, असं पीयूषभाई म्हणायचा. एवढ्या लहान वयात दरबारी वृंदाचा मुख्य! वसंत तर कार्यक्रमात आवर्जून सांगायचा ते. लोक अचंबा करायचे.

मग तिची फुप्फुसं कडक होत गेली. आधी जिना, मग अंघोळ, मग नुसतं बोलणं. हॉस्पिटलमध्ये फोनवर बोलताना तिला खोकला येई, म्हणून ती निरोप पाठवायची. एकीकडे हॉलंडची माणसं यायची ठरली होती. तिथली एक संस्था जगभरातल्या जुन्या दरबारी वृंदांचं ध्वनिमुद्रण करून ठेवणार होती, कायमचं. जे मुद्रित होईल तेच पुढे खरं मानलं जाणार. वसंतने तीस वर्षं याचीच वाट बघितली होती. तालमी रोज. तालमीच्या मधल्या सुटीत तो चारुलतेचे निरोप ऐकायचा, चहाचा कप हातात धरून. "आज बरं आहे. डाळ पातळ होती. प्राचीला म्हणावं, तारांखालची घोडी जरा पुढे सरकव, सूर मोकळा होईल." प्राची म्हणजे तिची शिष्या, आता तिच्या जागी वाजवणारी. आवाज नितळ, सूर शाबूत. तो उलट निरोप पाठवायचा, "आवाज छान येतोय तुझा. आठवड्यात घरी येशील बघ." निहार म्हणायचा, "बाबा, तिला दम लागतो बोलताना, तुम्हाला कळत नाही का?" वसंत म्हणायचा, "मला कान आहेत."

दिवस झाले, पाहुणे गेले. निहार वसंतच्या तरसालीच्या फ्लॅटमध्ये राहायला आला, रोज सकाळी मकरपुऱ्याला कामावर जाताना विचारायचा, "बाबा, जेवाल ना?" आणि उत्तर ऐकायला थांबायचा. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. शेजारच्यांचा कुकर वाजत होता. वसंतने फोन घेतला, तो आकडा दाबून दाबून एकपटीवर आणला, आणि तिचे निरोप लावले. "आज." मग काही नाही. त्याला वाटलं फोन अडकला. मग लांबवर, कपडा फाटावा तसा आवाज, आणि "बरं आहे." पुन्हा तो आवाज. "डाळ." तो आवाज. "पातळ होती." प्रत्येक शब्दाच्या अलीकडे ती एक चढण चढत होती. दीडपटीत चढणी बुजल्या होत्या आणि शब्द जवळ आले होते. सूर तोच. सूर शाबूत होता म्हणूनच तो फसला. तो पुढचा निरोप लावत गेला. एकात ती म्हणाली होती, "तुमची गत मी इथे मनात वाजवते. मनात मागे पडत नाही. मनात टिपरी नसते ना." चहा पिताना हे ऐकून तो मोठ्याने हसला होता, पीयूषभाईलाही ऐकवलं होतं. आता त्या तीन वाक्यांच्या मध्ये एवढी जागा होती की माणूस तेवढ्यात उठून खिडकी लावून परत येईल. विनोद करायला ती एवढी थांबली होती. श्वास येईपर्यंत विनोद धरून ठेवला होता तिने.

तो किती वेळ बसला कोण जाणे. मग उठला आणि, आपण काय करतोय ते नीट न कळता, तबकडी लावली. गत त्याला पाठ होती, त्यामुळे तो गत ऐकतच नव्हता. तो शेवटाची वाट बघत होता. पखवाज थांबला. आणि मग, नावाच्या आधी, एक श्वास. तो तिथे कायमच होता. घरघरीत बुडालेला, सुई टेकल्यासारखा, टिच् करून संपणारा. वसंतने सुई उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा तोच श्वास. हा श्वास माणसाचा नव्हता. मुलाचाही नव्हता. चिमणी घेत असेल असा. एवढी गत वाजवून संपवलेला माणूस असा श्वास घेत नाही. यंत्राला वेगाची कळ होती. तीस वर्षं तिला त्याने हात लावला नव्हता. खुणेवर एकदा चिकटपट्टी लावून ठेवली होती. नखाने त्याने ती पट्टी खरवडून काढली. कळ थोडी खाली. आणखी थोडी. दत्तात्रेय हरी बारा वर्षांचा होता तो वीसचा झाला, तिशी ओलांडली, आणि एका ठिकाणी श्वास एकदम माणसाचा झाला. पोट असलेल्या, थकलेल्या, पान खाणाऱ्या माणसाचा. भरदार आवाज म्हणाला, "दत्तात्रेय हरी. बडोदे सरकार." अजिबात घाई नाही. नाव सांगून झाल्यावरही तो तिथेच उभा आहे असं वाटलं. वसंतने पेटीवर सूर बघितला. काळी एक.

मग त्याने गत पहिल्यापासून लावली. तिसऱ्या आवर्तनात, वरून खाली येताना, तबकडीत एक ठेच होती. ती तो कायम खरचटा समजत आला होता. आता तिथे ठेच नव्हती. तिथे सगळे थांबत होते. दिलरुबे, व्हायोलिनं, जलतरंग, सगळेच्या सगळे एक क्षण वर थांबत होते आणि मग खाली येत होते. वसंत ते ऐकून हसला नाही, रडलाही नाही. त्याला भीती वाटली. घरात कुणीतरी आहे आणि ते आपल्याकडे बघतंय, अशी.

त्या रात्री जेवताना निहार म्हणाला, "हॉलंडवाले रविवारी येतायत ना? झालं सगळं तयार?" वसंत म्हणाला, "झालं होतं." भात कालवताना त्याचं मन एकच हिशेब करत होतं. कुणाला कळणार नाही. पुण्याचा तो माणूसही आता हयात नाही. एकदा मुद्रण झालं की हीच चाल खरी. लोकांना झपाटा आवडतो. दत्तात्रेय हरीला विचारायला कोण जाणार? दुसरीकडे त्याला स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता. बायको गेलेल्या माणसाला सगळं जग संथच वाटणार. तिचं ते स्टेशन खरं ठरावं म्हणून आपण कळ फिरवत गेलो का? बरोबर तिथेच का थांबलो?

शुक्रवारी प्रतापनगरला तालीम होती. चारुलतेच्या गादीवर प्राची बसली होती, पायांशी दिलरुबा टेकवून. वसंतने टिपरी उचलली आणि चाल संथ धरली, तिसऱ्या आवर्तनात भाभीच्या स्टेशनवर थांबून. वृंद धावला, अडखळला, एकमेकांवर आदळला. "पुन्हा." पुन्हा तेच. "सूर उतरवा. काळी एक करा." आता सगळे थांबले. पीयूषभाईने जलतरंगाच्या काड्या मांडीवर ठेवल्या. "वसंतभाई, आ तो बेसणा जेवुं लागे छे," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याची जीभ चावली गेली. हे बेसण्यासारखं वाटतंय, असं; बेसणं म्हणजे दुखवट्याची बैठक. चारुलतेच्या बेसण्याला हे सगळे याच हॉलमध्ये, याच गाद्यांवर बसले होते. "सॉरी, भाई," पीयूषभाई खालच्या आवाजात म्हणाला. मग त्याने मान वर केली. "पण खरं बोलू? दुःखात माणसाला सगळं धीमं लागतं. माझे बापुजी गेले तेव्हा मला घड्याळ पण धीमं लागायचं. हे तुम्ही वाजवताय, की भाभी वाजवतायत?"

"मला माहीत नाही," वसंत म्हणाला.

त्याच्या वृंदाने हे वाक्य त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पीयूषभाईला ते मुळीच आवडलं नाही. "माहीत नाही ने, तो पछी? मग काय करायचं? परवा परदेशवाले येणार. तीस साल आपण छाती ठोकून सांगितलं, हीच असली चाल. आता सांगायचं, माफ करो, भूल थई गई? लोक हसतील, भाई. तुमच्यावर नाही, आपल्या सगळ्यांवर."

वसंतने यंत्र घरून आणलं होतं, पण लावायचा धीर होत नव्हता. आता त्याने तबकडी लावली, आधी जुन्या वेगाने, फक्त शेवट. टिच्. दत्तात्रेय हरी, बडोदे सरकार. सगळ्यांच्या ओळखीचा तो पोरगा. मग कळ खाली आणली, आणि सुई पुन्हा तिथेच ठेवली. काय ऐकायचं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तेच ऐकलं असतं.

श्वास आला. नाव आलं.

"अय्या," प्राची म्हणाली. "हे तर आजोबा आहेत!"

आणि ती हसली. कुणी हसेल असं वातावरण नव्हतं, म्हणून ते हसणं एकदम मोठं ऐकू आलं. मग करजणचा व्हायोलिनवाला हसला. पीयूषभाई हसला नाही. तो पुढे वाकून बसला होता, कान यंत्राकडे करून. "फरी वगाडो," तो म्हणाला. पुन्हा लावा. वसंतने पुन्हा लावली. पीयूषभाईने डोळे मिटले होते. "साला," तो म्हणाला, "आपण ह्या डोसाला, ह्या म्हाताऱ्याला, इतकी वर्षं छोकरो समजलो." मग उठून बादलीतून पेला भरून आणला आणि जलतरंगाच्या वाट्यांत पाणी वाढवायला लागला. पाणी वाढलं की सूर उतरतो. एकेक वाटी वाजवून बघत तो म्हणाला, "पण भाई, आ स्टेशन? ते तर तबकडीत नव्हतं."

"आहे," वसंत म्हणाला. "गत लावतो. ऐका."

प्राचीने दिलरुबा उतरवून बघितला, पण नव्या तारा ऐनवेळी खाली ठरेनात, सरकायला लागल्या. शनिवारी निहार तिला तरसालीला घेऊन आला, चारुलतेचा दिलरुबा न्यायला. तो तिच्या कपाटाशेजारी खोळीत उभा होता, काळी दोनला चढवलेला, ती हॉस्पिटलला गेली त्या दिवशी होता तसाच. वाजवून झाल्यावर तारा सैल करून ठेवायच्या असतात, नाहीतर दांडी वाकते. ती वाकली होती, थोडी, डोळ्यांना न दिसेल इतकी. वसंतच्या बोटांना ते कळलं. त्याने एकेक खुंटी मागे फिरवली. आधी मुख्य तारा, मग खालच्या तरफा, नुसत्या झंकारणाऱ्या बारीक तारा, त्यांना फार वेळ लागतो. निहार शेजारी उभा राहून बघत होता. "आई म्हणायची, हा फार ताणलेला आहे," तो म्हणाला. वसंत म्हणाला, "मलाही म्हणायची." दिलरुबा काळी एकवर आला तेव्हा प्राचीने गज फिरवला. आवाज घरभर जाड आणि मोकळा झाला. निहार स्वयंपाकघरात निघून गेला आणि तिथे बराच वेळ नळ चालू राहिला.

रविवारी हॉलंडची दोन माणसं आली. त्यातल्या उंच बाईला वसंतची सगळी मुद्रणं पाठ होती. वाजवायच्या आधीच त्याने तिला सांगितलं, त्याच्या वर्कशॉपच्या इंग्रजीत, की आज ती ऐकेल ते वेगळं आहे, सूरही उतरलेला आहे. ती गोंधळली. म्हणाली, मग आमच्याकडे जे आहे, दोन्ही दौऱ्यांचं, ते? तो म्हणाला, ते चूक आहे. ती म्हणाली, खात्री आहे? मागे गादीवर पीयूषभाई वाट्यांतल्या पाण्याला बोट लावून बघत होता, ऐकत नसल्यासारखा. "चूक आहे," वसंत पुन्हा म्हणाला, आणि जाऊन वृंदासमोर बसला. गत सुरू झाली. पहिल्या आवर्तनात हात धावायला बघत होता. तीस वर्षांचा हात तो. तिसऱ्या आवर्तनात वरून खाली यायची वेळ आली तेव्हा त्याने टिपरी मांडीवर ठेवली. कुणालाही काही न दाखवता बसून राहिला. सगळे वर थांबले. प्राचीचा गज थांबला, पीयूषभाईच्या काड्या हवेत थांबल्या. आणि मग सगळे मिळून खाली आले.

परत जाताना तो लालबाग पुलाच्या अलीकडे सिग्नलला थांबला. मागे निहार बसला होता, मांडीवर खोळीतला दिलरुबा धरून. तारा उतरवून सैल केल्या होत्या. हॉलंडच्या बाईंनी जुन्या मुद्रणांवर चाल चुकल्याची सूचना लावायचं कबूल केलं होतं. पुण्याच्या त्या माणसाच्या मुलाला वसंतने सकाळीच फोन केला होता, वडिलांचं बरोबर होतं हे सांगायला. चारुलतेचे निरोप एकपटीवर ऐकून झाले होते, सगळे, काही दोनदा.

निहारचा त्या दिवशीचा निरोप मात्र वसंतने अजून एकपटीवर ऐकलेला नाही.